एका पानाचा भात

सरका, जरा पुढं सरका. खांबाआडच्या बायांनो, तुम्ही पण या. बुवा अजून आंघोळीला गेलेत, वीणेकरी एकटाच उभा आहे, काल्याचं कीर्तन उभं राहायला वेळ आहे. तेवढ्यात इकडचं तिकडचं बोलून जिभेला विटाळ कशाला? एक गोष्ट सांगतो. याच मारुतीच्या देवळातली, मागं चुलवणावर आत्ता जे आधण तापतंय, त्यात पडायच्या भाताची. तिच्यात मत्सर भरपूर आहे, म्हणजे कुणाला झोप येणार नाही. आणि ऐकून झालं की मी तुमच्यापाशी काहीतरी मागणार आहे. कनवटीला हात लावू नका, पैसा नको आहे.

मिठाचा सत्याग्रह झाला ना, त्याच्या आदल्या एक-दोन सालांतली ही हकिगत. तेव्हाही आपला सप्ताह असाच होता. रामनवमीला वीणा उभी राहायची, आणि चैत्राच्या पुनवेला, मारुतीरायाच्या जन्मदिवशी, काला व्हायचा. पुनवेची भरती ऐन दुपारी असते, हे खाडीकाठच्या लेकरालाही कळतं. त्या भरतीवर पलीकडच्या मिठागरांवरची माणसं होड्या घालून यायची. काल्याचा गजर त्यांच्या कानी पडायचा तो पाण्यावरच.

एवढ्या माणसांना जेवायला घालायचं, आणि त्याला गावाची रीत मोठी कडक. देवाच्या दारी बसलेलं माणूस मोजायचं नाही, मोजलेल्या माणसाला नजर लागते. नैवेद्याच्या तांदळाला पायली-शेर लावायचा नाही, देवाला मापून घालणारे आपण कोण? आणि एकदा नैवेद्य दाखवला की चुलवणावर पाणी ओतायचं, मग कुणी कितीही उपाशी राहो, पुन्हा भात चढवायचा नाही.

मग भात पुरायचा कसा? अदमासानं. कीर्तन सुरू झालं की गावातली एक बाई मांडवाभोवती फेरी मारायची. बोटं मोडायची नाहीत, पुटपुटायचं नाही, नुसत्या नजरेनं मांडव पाहायचा. बसलेले पाहायचे आणि अजून यायचे आहेत तेही मनात धरायचे. मागं येऊन सांगायचं, इतकी सुपं तांदूळ. तेवढीच सुपं पडायची. आणि त्या बाईचं पान सगळ्यांत शेवटी. हंड्यात उरेल ते तिचं. काही उरलं नाही तर तिला उपास. ढीगभर उरलं तर अन्न वाया घातल्याचा दोष तिच्या माथी. आणि बरोबर एका पानाचा भात उरला की लोक म्हणायचे, "लागला गो बाय अदमास!"

हा मान येसाजीच्या घरचा. येसाजीच्या आईनं जाताना आपलं सूप थोरल्या सुनेच्या हाती दिलं होतं. तीच येसाजीची बायको, आपली आवडाबाई. उंच, काळीसावळी, चालताना जमीन दणाणायची. गावातलं एकही घर तिला परकं नव्हतं. कुणाकडं पाहुणे आलेत, कोण आजारी आहे, कुठली सून माहेरी गेलीय, कुठल्या म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा भात लागतो, सगळं तिला ठाऊक. त्या जोरावर तिचं पान वर्षानुवर्षं बरोबर उरत आलं होतं. त्या एका पानाचा तिला किती अभिमान! सप्ताह संपला की सूप शेणा-हळदीनं सारवून ती माळ्यावर ठेवायची, आणि मधूनच वर जाऊन त्यावरची धूळ पुसून यायची. दुसऱ्या बायकांची नथ असते, हिचं सूप होतं.

आणि मग धाकट्या दिराचं, भागोजीचं, लग्न झालं. खाडीपलीकडची राही घरात आली.

राहीचा बाप कोंडाजी मिठागरावरचा. मिठाच्या राशी बांधावर उभ्या राहिल्या की मीठ होड्यांतून न्यायला आलेले मचवेवाले आधी कोंडाजीला विचारायचे, आणि तो लांबूनच राशीकडं डोळे बारीक करून सांगायचा, यात एवढ्या गोणी. मग गोणी भरल्या की तेवढ्याच भरायच्या. त्याच्याबरोबर बांधावर फिरून पोरीचीही नजर बसली होती. यात तिला मोठं काही वाटायचं नाही. आपण पाणी बघून ओहोटी ओळखतो, तसं.

पहिल्या सालीच झोडणी झाल्यावर अंगणात भाताची रास पडली होती. देवळाची व्यवस्था बघणारा धर्मा आला होता. येसाजी गमतीचा माणूस. म्हणाला, "सांगा बघू, पोती किती?" धर्मा काही म्हणाला, भागोजी काही म्हणाला. आवडाबाई दारातून म्हणाली, "बावीस." तेवढ्यात राही पाण्याचा तांब्या घेऊन आली. धर्मानं थट्टेनं विचारलं, "काय गो, मिठागरवाली? तुझं काय म्हणणं?"

राहीनं राशीकडं एकदा पाहिलं. "एकोणीस भरतील. बुडाला पेंढ्याचा उंचवटा राहिलाय, रास पोकळ हाय."

भरली एकोणीस.

"अरं तिच्या!" धर्मा मांडीवर थाप मारून हसला. "येसाजी, तुझ्या घरात आता दोन तराजू झाले रे!"

"एक तराजू जुना झाला की काटा हलतोच," येसाजी बायकोकडं बघून बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण विनोद करणाऱ्याच्या मनात काय आहे याला किंमत नसते, तो कुठं जाऊन रुततो याला असते.

आवडाबाई हसली. सगळ्यांबरोबर हसली. आणि त्या दिवसापासून तिच्या पोटात एक निखारा पडला तो पडलाच.

मत्सराची गंमत बघा. अदमास करायची सवय असलेली बाई, ती आता सगळ्याचाच अदमास करायला लागली. नवरा राहीच्या कालवणाला किती वेळा 'चांगलं झालंय' म्हणाला. विहिरीवर बायका राहीशी किती वेळ बोलल्या आणि आपल्याशी किती. राहीनं भाकरी थापली की ती डोळ्यांनी तिचा घेर मापायची आणि आपल्या भाकरीशी ताडून बघायची. भोपळा चिरताना राहीच्या फोडी सारख्या पडल्या तरी हिच्या कपाळाला आठी. एकदा राही सहज बोलून गेली, "जाऊबाय, आज तांदूळ एका माणसाचं जास्त पडलं वाटतं." खरोखर तेवढाच भात उरला. आवडाबाईनं तो उरलेला भात रागानं खाल्ला. भूक नव्हती, पण तो शिल्लक दिसायला नको होता.

शेजारची नीराबाई, तिची जीभ तर तुम्हाला ठाऊकच आहे, देव तिला सुखी ठेवो, ती फोडणी घालायला हजर. "आवडाबाय, धाकटीची नजर म्हंजे नजर हाय हां. आता सूप काय, आज न्हाय तर उद्या..."

"उद्या काय?"

"काय न्हाय गो. तुझं वय झालं म्हंतेय मी. डोळ्यांना पाणी येतं ना तुझ्या?"

आवडाबाई त्या दिवशी सूप माळ्यावरून काढून आपल्या उशाशी घेऊन निजली.

आता मुख्य दिवसावर येतो. राही घरात आल्याच्या तिसऱ्या सालची, काल्याची सकाळ. कीर्तनाला रामचंद्रबुवा, पालीकडचे. आवाज असा की खाडीतला बगळा उडायचा नाही, ऐकत उभा राहायचा. राहीला कीर्तनाचं वेड. माहेरी ऐकायला मिळालं नव्हतं, म्हणून सात दिवस ती सगळ्यांत पुढं येऊन बसायची, आणि काल्याच्या कीर्तनाची तर तिनं वर्षभर वाट पाहिली होती. "बुवा गोपाळांच्या शिदोऱ्या सोडतात ना, ते मला ऐकायचंय," असं ती भागोजीला दहादा सांगून चुकली होती.

बुवा उभे राहिले. आवडाबाईनं पदर खोचला, सूप काखेला मारलं आणि फेरीला निघाली. मांडव पाहिला. आंब्याखाली उभे असलेले पाहिले. पोराबाळांच्या माना पाहिल्या. पलीकडून येणाऱ्या होड्या मनात धरल्या. चालता चालता अदमास तिच्या डोळ्यांत गोळा झाला, नेहमी होतो तसा, दुधावर साय यावी तसा: अठरा सुपं.

ती मागं आली. चुलवणावर हंड्यांत आधण उसळत होतं. नीराबाई भोपळा ढवळत होती, राही लाकडं सारत होती, म्हणजे तेवढं काम उरकून तिला पळत कीर्तनाला जायचं होतं. आवडाबाईनं तांदळाच्या ढिगाकडं पाहिलं, तोंड उघडणार, तोच राही सहज, कौतुकानं बोलली, "जाऊबाय, अठरा सुपं ना? भरतीला माझ्या माहेरची माणसं पण येतील."

झालं.

अठराचा आकडा आवडाबाईचाच होता. पण राहीच्या तोंडून बाहेर पडला आणि राहीचा झाला. नीराबाईनं पळी थांबवून दोघींकडं पाहिलं. आता आवडाबाई अठरा म्हणाली असती, तर संध्याकाळच्या आत सगळ्या गावात झालं असतं की धाकटीनं सांगितलं आणि थोरलीनं घातलं.

"पंधरा," आवडाबाई म्हणाली.

"अगो, पंधराच?" नीराबाई.

"पंधरा म्हंजे पंधरा. पलीकडं मीठ काढायची घाई चाललीय, कोण येतंय? आणि आली तर काय, मिठागरावरची माणसं देवाला येतात का भाताला?"

राहीच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.  आवडाबाईनं एकेक सूप भरून आधणात सोडलं. पंधराव्याला सूप उपडं करून झटकलं आणि बाजूला ठेवलं. ढिगात तांदूळ शिल्लक होते. पण सूप झटकल्यावर दाण्याला हात लावायचा नाही, ही रीत.

थोड्या वेळानं राही हळूच म्हणाली, "मी जरा घरी जाऊन येते."

"जा की. तुझ्यासारख्या शहाणीला कीर्तन कशाला लागतंय?"

राही गेली. तिची पाठमोरी आकृती केवड्याच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि आवडाबाईच्या मनाला गुदगुल्या झाल्या. रुसली. बरं झालं. रुसली म्हणजे लागलं. तिनं राहीच्या रुसण्याचाही अदमास केला: संध्याकाळपर्यंत तोंड फुगलेलं राहील, चार दिवस बोलणार नाही.

मग ती पुढं जाऊन कीर्तनाला बसली. राहीच्या रोजच्या जागेवर बसली, मुद्दाम.

बुवा रंगात आले होते. गोपाळ यमुनेकाठी बसलेत, शिदोऱ्या सोडतात. कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, कुणाचा शिळा भात. एकानं लाजून आपली शिदोरी पाठीमागं लपवली, तर देवानं नेमका हात पुढं केला, आधी तुझी दे. सगळं एकत्र कालवलं. आता यात कुणाचं किती, सांगा बरं? "पण मंडळी," बुवांनी झांज थांबवली, "एक गोपाळ होता, तो काही खाईना. तो दुसऱ्याच्या पानात किती पडलं ते बघत बसला. बघता बघता मागून कावळा आला आणि त्याच्या पानातला काला घेऊन गेला! जो दुसऱ्याच्या पानाकडं बघतो, त्याच्या पानात कावळा जेवतो!"

मांडव खदखदून हसला. आवडाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली. नीराबाईच्या कोपराला ढोसून म्हणाली, "ऐक गो, तुझ्यासाठी हाय." परमेश्वरा, आपण कीर्तन ऐकताना नेहमी शेजाऱ्यासाठीच ऐकतो!

आणि तेवढ्यात तिला खाडीवर शिडं दिसली. एक होडी, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं आणखी. दहीहंडी फुटेपर्यंत पलीकडची माणसं चिखल तुडवत मांडवात येऊन उभी राहिली. पुढं कोंडाजी, डोक्याला धुतलेलं मुंडासं, हातात मारुतीला वाहायला रुईच्या पानांची माळ. व्याहीणबाई दिसताच त्यानं लांबूनच हात जोडले. आवडाबाईचे हात जोडले गेले खरे, पण नजर मागं हंड्यांकडं वळली.

नैवेद्य दाखवला. चुलवणावर पाणी ओतलं, फस्स करून वाफ उठली. त्या वाफेबरोबर तिचा जीव वर गेला आणि परत आला नाही.

पंगती सुरू झाल्या. केळीची पानं पडली, आमटी फिरली, "पुंडलिक वरदे" झालं. आवडाबाई हंड्यांपाशी उभी. तिला आपला भात ठाऊक होता. पंधरा सुपांचा भात कुठं संपणार हे ती डोळे मिटून सांगू शकत होती: पलीकडची माणसं बसतील त्या पंगतीच्या शेवटाला. कोंडाजीच्या तिसऱ्या वाढ्याच्या आसपास. व्याही पानावर हात धुऊन बसलाय आणि वाढपी रिकामी परात घेऊन उभा आहे, हे चित्र तिला दिसायला लागलं. तिनं मारुतीकडं पाहिलं. तोंडानं राम राम चालू, आणि मनात मात्र काय? मनात, एवढं होऊनही, हेच की राही ते बघेल.

राही परत आली होती. केव्हा आली कळलं नव्हतं. कपाळावर घाम, केसांना राख लागलेली, परात घेऊन मुकाट वाढत होती.

पलीकडच्यांची पंगत बसली. पहिला वाढा झाला. दुसरा झाला. भात पुरला. कोंडाजीनं तिसऱ्यांदा घेतला, तोही पुरला. पंगत उठली. आवडाबाईला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आणि मग, ऐका, मनुष्याचं मन कसं असतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: मारुतीनं माझी बाजू घेतली. पंधराच बरोबर होती. अठरा म्हणणारी चुकली!

ती फुलून गेली. राहीकडं बघून मोठ्यानं म्हणाली सुद्धा, "काय गो, अठरा लागणार होतं ना?"

राही खाली बघून म्हणाली, "न्हाय लागलं, जाऊबाय."

शेवटची पंगत वाढप्यांची आणि देवळाच्या माणसांची. शेवटचा हंडा उघडला, वरचा पांढरा भात सरला आणि खालून तांबडा निघाला. राता. आपल्या खारजमिनीतला, घराघरात रोज खातो तो राता भात. देवाच्या नैवेद्याला आपण पांढराच घालतो, राता कधी नाही.

"अरं, राता!" धर्मा ओरडला. "आवडाबाय, पांढरा कमी पडंल हे ओळखून घरचा राता आधीच लावून ठेवलास व्हय? नैवेद्याच्या आधी हंड्यात? काय बाई म्हणावी का कोण! येसाजी, तुझा जुना तराजू अजून सोन्याचा हाय रे!"

सगळे हसले, वाहवा झाली.  आवडाबाईनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

शेवटी तिचं पान पडलं. राहीनं हंडा तिरका केला, कडेला चिकटलेली शितंसुद्धा हातानं पुसून काढली, आणि तिच्या पानावर भात वाढला. तांबडा, बरोबर एका पानाचा. हंडा रिकामा.

"लागला अदमास!" धर्मानं घंटा बडवली.

आवडाबाईनं पहिला घास उचलला. घरच्या चुलीचा धूर त्या भाताला लागला होता. तिची सगळी सकाळ त्या वासानं उलगडली. राही रुसून गेलीच नव्हती. बुवा शिदोऱ्या सोडत होते तेव्हा ती घरी चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली होती. ज्या जागेवर आवडाबाई मुद्दाम जाऊन बसली, ती जागा राहीनं भातासाठी सोडली होती. नैवेद्याच्या आत पोचायचं म्हणून डोक्यावर हंडा घेऊन, केवड्याच्या वाटेनं, मागच्या दारानं ती आली होती, आणि राता हंड्याच्या तळाला घालून वर पांढरा पसरला होता.

आणि मग आवडाबाईच्या कसलेल्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसली. हा भात एका पानाचा होता. पण जेवायच्या राहिलेल्या होत्या दोघी. राहीसारखीचा अदमास एका पानानं चुकेल? तो चुकला नव्हता. तिनं सगळ्या गावाला धरलं होतं, पलीकडच्यांना धरलं होतं, बापाचा तिसरा वाढा धरला होता, जावेचं शेवटचं पान धरलं होतं. धरलं नव्हतं फक्त स्वतःला.

"तू जेवलीस?" आवडाबाईनं विचारलं.

"घरी खाल्लं मी," राही म्हणाली, आणि परात घासायला गेली.

तुम्हाला वाटेल, आता आवडाबाईला रडू फुटलं असेल, तिनं जावेला मिठी मारली असेल. छे. हेवा असा एका घासानं उतरत नाही. उलट तो जास्त पेटला. हिनं माझी अब्रू राखली? माझी अब्रू हिच्या पदराला गाठ मारून ठेवायला मी काय भिकारीण आहे? आता आयुष्यभर ही माझ्याकडं बघेल आणि गप्प राहील, आणि ते गप्प राहणं मला ऐकावं लागेल. दुसऱ्याचा अपराध सोसता येतो हो, दुसऱ्याचा चांगुलपणा सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर देवळाचे हंडे घासताना दोघीच होत्या. आवडाबाईनं हातातली राख फेकली.

"कशाला केलंस?"

"काय?"

"काय म्हंजे! माझ्यावर उपकार करायला? मला खाली बघायला लावायला?"

राहीनं हंड्यातून मान वर केली. मग म्हणाली, आणि खरंच नवल वाटल्यासारखी म्हणाली, "तुमचा तर इचारच न्हवता केला, जाऊबाय."

"काय?"

"भात कमी पडणार होता. माझा बाप येणार होता, गावची माणसं येणार होती. उपाशी पानावरून उठवायची? म्हणून भात केला. तुमचं काय मनात हाय, ते बघायला सवड कुठं होती? फुंकणी फुंकून डोळं गेलं माझं."

आवडाबाईचा हात थांबला. तीन साल ती या बाईला मापत होती. तिची भाकरी, तिचं बोलणं, तिचं हसणं. आणि ही बाई? हिनं कधी मापलंच नव्हतं. ज्या तराजूत आवडाबाई रोज स्वतःला घालून खाली-वर होत होती, त्याच्या दुसऱ्या पारड्यात कुणी बसलेलंच नव्हतं.

"चूक माझी पण झाली," राही हळूच पुढं बोलली. "तुम्ही तांदळाकडं बघितलंत, तेव्हाच मला दिसलं होतं, तुमचं पण अठराच हाय. तुम्ही बोलायच्या आधी मी बोलायला नको होतं. तोंडातून निसटलं. आनंद झाला होता, तुमचं आणि माझं एक आलं म्हणून."

आनंद झाला होता! आवडाबाई उठली, कळशी घेतली, न भरताच घराकडं निघाली, अर्ध्या वाटेवरून परत आली, भरली, आणि पुन्हा गेली. एवढंच.  पुढं कित्येक दिवस ती राहीशी नीट बोलत नव्हती, पण आता ते न बोलणं वेगळं होतं. सूप तिनं माळ्यावर ठेवलं आणि धूळ पुसायला गेली नाही.

सालभरानं पुन्हा काला आला. पुन्हा रामचंद्रबुवा. आवडाबाईनं फेरी मारली, मागं आली. चुलवणापाशी राही नव्हती. शहाणी, आधीच पुढं जाऊन कीर्तनाला बसली होती, तोंडातून काही निसटायला नको म्हणून. आवडाबाई मांडवात शिरली, भर कीर्तनात तिला दंडाला धरून उठवून मागं घेऊन आली.

"बोल, किती?"

"तुम्ही बोला की!"

"तू बोल."

"वीस?"

"वीस," आवडाबाई म्हणाली. "माझं पण वीस. जा आता, बस जा, तुझ्या शिदोऱ्या सुटायच्यात."

वीस सुपं पडली. आणि मग आवडाबाईनं कमरेची चंची सोडून त्यातून मूठभर राता काढला आणि हंड्यात सोडला.

नीराबाईनं पळी आपटली. "अगो बाय! देवाच्या पांढऱ्या भातात तांबडं कशाला?"

त्यावर आवडाबाई जे बोलली ते चुलवणापाशी नाही. दुपारी शेवटी तिचं पान पडलं, धर्मा घंटा बडवायला उठला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला, आणि सूप हातात घेऊन भर मांडवात सांगितलं. अठरा ओठांवर असताना आपण पंधरा का म्हणालो ते सांगितलं. मिठागरावरच्या माणसांबद्दल आपण काय बोललो ते सांगितलं, आणि कोंडाजी समोर बसला होता, त्याच्याकडं बघून सांगितलं. गेल्या सालची वाहवा कुणाची होती ते सांगितलं. राही मागून पदर ओढत होती, "नको ओ जाऊबाय, नको." येसाजीला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. आणि बुवा, एवढे बोलणारे बुवा, झांज मांडीवर ठेवून ऐकत बसले.

कोंडाजी तेवढा म्हणाला, "व्याहीणबाय, आम्ही भातालाच येतो हां. देव काय, आमच्याकडं पण हाय." आणि मग जो हशा उठला, त्यात सगळं वाहून गेलं.

तेव्हापासून या देवळाच्या भातात मूठभर राता पडतो. पुढं दोघी जावा फेरीला एकत्र जायच्या. आता राही एकटीच जाते. थकलीय, पण नजर तशीच आहे, मघाशी आंब्याखालून गेली ना, तीच. आवडाबाई गेल्या पावसाळ्यात गेली.

तर माझं मागणं हे. मघाशी नीराबाईच्या नातवाला मी बघितलं, गेल्या साली तो पानातली तांबडी शितं खडे समजून वेचून टाकत होता. टाकू नका. ते शीत खा. आणि खाताना राहीची आठवण तुम्ही काढालच, चांगल्या माणसाची कोण काढत नाही? पण राहीनं ही गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. तुम्हाआम्हाला ती कळली, कारण जिला ती झाकून ठेवता आली असती, तिनंच ती मांडवात उघडी केली. आज तांबडं शीत दाताखाली आलं, की एकदा, एकच घासभर, आमच्या आवडाबाईची आठवण करा.

उठा आता, बुवा आले. पोरांना मांडीवर घ्या.